अठराशेवाला मैनुद्दीन

तो नंबर तुम्ही टाकून दिलात, साहेब. कोणी चोरला नाही, कोणी हिसकावला नाही, कोणी शिडी लावून तुमच्या भिंतीवरून खरवडून नेला नाही. फुटकी बादली उकिरड्यावर फेकावी तसा तुम्हीच फेकलात. आणि आता तीच बादली दुसऱ्याच्या दारात पाण्यानं भरलेली दिसल्यावर "आमची, आमची" करत धावत आलात. वर नोटीस. वर सुनावणी. वर गंज पेठेतल्या एका सरळ माणसावर तोतयेगिरीचा आरोप. लाज हा विषय तुमच्या खात्यात कुठल्या टेबलाकडे येतो, तेवढं एकदा कळवा.

खात्याचं नाव इथे घेतलेलं नाही. गरज नाही. ज्याच्या गल्लीत कचरा, डास, उंदीर किंवा तुंबलेलं गटार आहे, त्याला ते नावासकट आणि शिव्यांसकट पाठ आहे.

नंबरही छापलेला नाही. छापला तर वाचणारे गंमत म्हणून लावून बघतील. टोल फ्री म्हणजे लावणाऱ्याला फुकट. उचलणाऱ्याच्या खिशाला मात्र मिनिटामिनिटाला भोक पडत असतं. एवढंच सांगायचं तर अठराशेच्या पुढे एकच आकडा, शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी राहावीत तसा ओळीनं उभा. एकदा कानावर पडला की विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

तर मैनुद्दीन. त्याचा धंदा ढेकणांचा. म्हणजे मारायचा. झुरळं, उंदीर, वाळवी, डास हेही आलेच, पण घर चालवलं ते ढेकणांनी. वडील हातगाडीवर औषधाचे डबे मांडून पेठापेठांतून ओरडत फिरायचे. मैनुद्दीनकडे दोन गाड्या, चार माणसं, पाठीला अडकवायचे पंप आणि गंज पेठेत एक गाळा. घरात दखनी, धंद्यात मराठी, आणि भांडणात दोन्ही.

सदाशिव पेठ म्हणजे त्याची खाण. कॉट बेसिसवर राहणारी परीक्षावाली पोरं. एका खोलीत सहा कॉट, सहा गाद्या, आणि गाद्यांत भाडं न भरणारे पोटभाडेकरू. पण अडचण अशी, की पुण्यात ढेकूण कोणाकडेच नसतात. शेजाऱ्याकडे असतात. ओळखीच्यांकडे असतात. फोन करणारा आवाज खाली घेऊन सांगतो, "आमच्याकडे नाही हो, एका मित्राकडे झालेत." आणि पत्ता स्वतःचा देतो. शिवाय गाडी दारात लावायची नाही, पुढच्या चौकात लावायची, पंप पिशवीत घालून आणायचा. नारायण पेठेतल्या एका बाईंनी तर शेजारीण जिन्यात उभी आहे म्हटल्यावर मैनुद्दीनच्या माणसांना "या, या, पूर्णिमाच्या सासरची मंडळी ना?" म्हणत आत घेतलं होतं, आणि औषधाचा वास बाहेर जाऊ नये म्हणून तासभर पोह्यांना फोडण्या देत बसल्या होत्या.

असं गिऱ्हाईक नंबर कोणाला विचारत नाही. त्याला तो आधीपासून पाठ असावा लागतो. ही गोष्ट कळायला मैनुद्दीनचं निम्मं आयुष्य गेलं. त्याच्या मुलीला, मिसबाला, ती हिंजवडीत एका कंपनीच्या ग्राहक सेवेत दोन वर्षं कानाला हेडफोन लावून बसल्यावर कळली.

"अब्बा, लोक ढेकूण रोज शोधत नाहीत," ती म्हणाली. "ज्या दिवशी चावतो त्या दिवशी पहिला कुठला नंबर आठवतो, एवढाच आपला धंदा."

"गाड्यांवर नंबर आहे की."

"दहा आकड्यांची खिचडी आहे ती. मला येत नाही पाठ, तुमच्या मुलीला."

हे खरं होतं. आकडे मागेपुढे करून लोक एका मंगल कार्यालयाला फोन लावायचे. तिथला मॅनेजर ढेकणांच्या चौकशांना इतका विटला, की शेवटी त्यानंच मैनुद्दीनला शोधून काढून कार्यालयातल्या गाद्यांना औषध मारून घेतलं.

"मग मोठा बोर्ड लावू," मैनुद्दीन म्हणाला.

"आणि बोर्डासमोर उभा राहून नंबर टिपून घेणार कोण? सदाशिव पेठेत? ढेकणांच्या बोर्डासमोर? त्यापेक्षा माणूस चड्डीवर चौकात नाचेल. टोल फ्री घेऊ. लक्षात राहणारा."

"टोल फ्री बँकांचे असतात गं. विमानवाल्यांचे. ढेकणांना कसला टोल फ्री?"

"म्हणूनच. अठराशे दिसलं की लोकांना वाटतं, मागे ऑफिस आहे, एसी आहे, टाय लावलेला माणूस आहे."

"आणि आहे कोण?"

"तुम्ही. बनियनवर."

मैनुद्दीन हसला, आणि तिथेच फसला. मोबाइलवरच्या ॲपवाल्या कंपन्यांनी त्याचा धंदा अर्ध्यावर आणला होता. हातात काहीतरी असं हवं होतं जे त्यांच्याकडे नव्हतं. मिसबानं नोकरी सोडली. नवी गाडी घ्यायची ठरलेली रक्कम नंबरात गेली. मैनुद्दीनची बायको हमीदा म्हणाली, "गाडी दिसली तरी असती. नंबर काय दाराशी उभा करणार?"

नंबर विकणाऱ्या कंपनीचा दिग्विजय लॅपटॉप घेऊन गाळ्यावर आला, आणि औषधाच्या वासानं नाकाला रुमाल लावून बोलला, "सर, असा प्रीमियम नंबर नशिबानं सुटतो."

"सुटतो म्हणजे?" मिसबानं विचारलं. "आधी कोणाचा होता?"

"मॅडम, एकदम फ्रेश आहे. सिस्टीममध्ये ग्रीन दिसतोय."

हिरवं दिसतं ते ताजं, असं मैनुद्दीनला भाजीमुळे वाटायचं. त्यानं सही केली.

नंबर चालू झाला त्या दिवशी भैरू पेंटर गाडीवर अठराशेतली दोन शून्यं रंगवून चहाला बसला होता. पुढचा एकही आकडा मैनुद्दीननं अजून कोणाला दाखवला नव्हता. आणि फोन वाजला.

मैनुद्दीननं मिसबाकडे पाहिलं. "जाहिरात दिलीस?"

"नाही."

"मग?"

"मग काय? उचला ना, अब्बा!"

त्यानं उचलला. "नमस्कार, मैनुद्दीन पेस्ट–"

पलीकडून एक म्हातारा, संशयी आवाज. "कोण बोलतंय?"

"आपण कोण?"

"मी कोण ते राहू द्या. तुम्ही माणूस आहात? रेकॉर्डिंग नाही ना?"

"माणूस आहे."

"खोकून दाखवा."

मैनुद्दीन खोकला.

"अगं ए, उचलला!" पलीकडचा आवाज घरात कोणाला तरी ओरडला. "उचलला त्यांनी!"

लांबून बाईचा आवाज आला, "चुकून उचलला असेल. लवकर बोला."

हे बापूराव. सदाशिव पेठ, निवृत्त. आणि मागून बोलल्या त्या वेणूबाई, त्यांच्या पत्नी. मैनुद्दीनला ताजा म्हणून विकलेला नंबर पूर्वी साहेबांच्या खात्याची तक्रारींची हेल्पलाइन होता. घंटागाडीच्या भोंग्यावर वर्षानुवर्षं रोज सकाळी तो गाण्याच्या चालीवर वाजायचा. पेठेतली पोरं आकडे शिकायच्या आधी तो नंबर शिकली. पुढे खात्यानं ॲप काढलं, हेल्पलाइन गुंडाळली, गुंडाळल्याचं कोणाला सांगितलं नाही, आणि नंबर कंपनीला परत केला. तो बाजारात आला, हिरवा झाला, दिग्विजयला दिसला. लोकांच्या डोक्यातून मात्र त्याला कोणी परत केलं नव्हतं.

बापूराव रोज चहा झाला की हा नंबर लावायचे, दुसरी माणसं सूर्यनमस्कार घालतात तसे. खात्याच्या काळात तो कोणी उचललाच नाही. नंतर "हा क्रमांक अस्तित्वात नाही" असं ऐकू येऊ लागलं, तरी ते लावत राहिले. खात्याकडून मिळालेलं ते पहिलं खरं उत्तर होतं, असं त्यांचं म्हणणं.

"काका, हे सरकारी नाही," मैनुद्दीन सांगू लागला. "माझं खासगी आहे. ढेकूण, झुरळं–"

"उचललात ना? मग लिहून घ्या. इमारतीच्या मागे मोकळ्या जागेत पाणी साचलंय. डास आहेत. हिला गेल्या वर्षी डेंग्यू झाला होता. घ्या लिहून, आणि तक्रार क्रमांक द्या."

"कसला क्रमांक?"

"तक्रार क्रमांक! त्याशिवाय फोन ठेवायचा नसतो. एवढंही शिकवलं नाही का तुम्हाला?"

मैनुद्दीननं पुन्हा समजावलं. बापूरावांनी पुन्हा मागितला. घड्याळ पळत होतं, मिनिटं मैनुद्दीनची होती. शेवटी त्याच्या तोंडून पाठ असलेला पहिला आकडा निघाला, समोर उभ्या असलेल्या गाडीचा. पलीकडे बापूरावांनी तो लिहून घेतला, वाचून दाखवला, आणि इतक्या समाधानानं "आभारी आहे" म्हणाले, जसं काही डास मेलेच.

गाडीवरचे आकडे पुरे व्हायच्या आत आणखी फोन आले. दिवे, खड्डे, कुत्री, पाणी, शेजाऱ्याचा कबुतरखाना. मैनुद्दीन प्रत्येकाला सांगायचा, हे सरकारी नाही. लोक म्हणायचे, असू द्या, पण तुम्ही उचलता. आणि शेवटी प्रत्येकजण क्रमांक मागायचा. पुण्यातल्या माणसाला काम झालं नाही तरी चालतं, तक्रार क्रमांक मिळाला पाहिजे. तो मिळाला की तो फ्रिजला चिकटवतो आणि घरच्यांना सांगतो, "मी पाठपुरावा करतोय." मैनुद्दीननं सगळ्यांना गाडीचाच नंबर दिला. दुसरा शोधण्यात आणखी मिनिटं गेली असती.

पहिल्या महिन्याचं बिल आलं तेव्हा हमीदानं ते बघून कपाळाला हात लावला, आणि मिसबा दोन दिवस बापाच्या नजरेला नजर देत नव्हती. मैनुद्दीन नंबर बंद करायलाच निघाला होता. पण त्याच दुपारी एक फोन आला. खड्ड्याचा.

"काका, रस्ता आमच्याकडे नाही," मैनुद्दीन थकून म्हणाला. आणि सवयीनं, चहावाला बिस्किट विचारतो तसं, विचारून गेला, "घरात ढेकूण आहेत का?"

पलीकडचा आवाज एकदम खाली आला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

मिसबा खुर्चीतून उठून उभी राहिली. हाच तो धंदा. ज्या माणसाची "माझ्याकडे ढेकूण आहेत" असं म्हणायला जीभ उचलत नव्हती, त्याला खड्ड्याच्या आडोशानं फोन करता येत होता. लोक फोन करायचे पथदिव्याबद्दल, बोलायचे झुरळाबद्दल. घरच्यांसमोरसुद्धा उघड बोलता यायचं. आपण समाजासाठी भांडतोय, असा आव आणून. आणि नंबर कोणाला विचारायला नको, टिपायला नको. तो भोंग्यानं केव्हाच डोक्यात ठोकून ठेवला होता. ॲपवाल्यांनी जाहिरातींवर कितीही ओतलं असतं तरी त्यांना हे मिळालं नसतं.

कधी कोणी विचारायचं, "आपलं नाव काय?"

"मैनुद्दीन."

थोडी शांतता. तिच्यात काय काय असायचं ते मैनुद्दीनला चांगलं ठाऊक होतं, तो या गावात तिसऱ्या पिढीचा होता. मग पलीकडून यायचं, "बरं. औषधाला वास येतो का?" ढेकूण चावत असला की माणूस बाकीचं लवकर विसरतो.

बापूरावांच्या मागच्या डबक्यात मैनुद्दीननं पहिल्याच आठवड्यात अळ्या मारायचं औषध टाकलं. पैसे मागितले नाहीत. बापूरावांनी हट्टानं दिले, पावती घेतली, आणि पावतीवरचं शुद्धलेखन लाल पेनानं सुधारून परत केलं. वेणूबाईंनी बेसनाचा लाडू दिला आणि विचारलं, "तुमचे साहेब ओरडणार नाहीत ना, काम केलं म्हणून?"

धंदा उभा राहिला. तिसरी गाडी आली. मिसबानं फोनवर बसायला दोन मुली ठेवल्या. पेठांत "अठराशेवाला उचलतो" एवढंच लोक एकमेकांना सांगत होते. आणि लोकांच्या याच कौतुकानं मैनुद्दीनचा गळा धरला.

झालं असं, की पेठेतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाला वाटलं, चांगलं काम केलं तर चांगलं म्हणायला पाहिजे. पुण्यात हा विचार सहसा कोणाला सुचत नाही, त्यांना सुचला. शाल, श्रीफळ आणि हार घेऊन मंडळी थेट साहेबांच्या कार्यालयात गेली आणि "हेल्पलाइन पूर्ववत तत्परतेनं सुरू केल्याबद्दल" साहेबांचा सत्कार केला. साहेबांनी शाल घेतली. नारळ घेतला. फोटो काढून घेतला. दोन शब्द बोलले, त्यात "आमच्या टीमचं श्रेय" असंही म्हणाले. मंडळी गेल्यावर त्यांनी कारकुनाला विचारलं, "आपली हेल्पलाइन चालू आहे?"

कारकून म्हणाला, "नाही साहेब."

माणसानं शरमेनं नारळ परत पाठवला असता. साहेबांनी नोटीस पाठवली.

सुनावणीला मैनुद्दीन इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मिसबा सोबत होती, कराराची फाइल घेऊन. बापूराव बोलावलेले नसताना आले आणि मागच्या बाकावर, स्वतःच्या दिवाणखान्यात बसावं तसे बसले. साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर सत्काराची शाल घडी घालून टाकलेली होती.

"तर तुम्ही खात्याची हेल्पलाइन चालवता," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. ढेकूण मारतो."

"लोकांना तक्रार क्रमांक देता."

"मागतात."

"मागतात म्हणून द्यायचा? ही तोतयेगिरी आहे. आणि सगळ्यांना एकच क्रमांक?"

"गाडीचा आहे. पाठ आहे."

"माझ्याकडे तुमच्या खात्याच्या जुन्या कार्यालयातून आणलेले पिशवीभर वेगवेगळे क्रमांक आहेत," बापूराव मागून म्हणाले. "एकाचंही काम झालं नाही. यांच्या त्या एकुलत्या एक क्रमांकावर माझे डास गेले."

साहेबांनी मान वर केली. "आपण कोण?"

"तक्रारदार."

"सुनावणी यांची आहे. आपण बाहेर बसा."

"बसलो असतो. बाहेर डास आहेत."

कारकुनानं फाइल तोंडासमोर धरली. साहेबांनी बापूरावांचा नाद सोडला. "नंबर परत करा," ते मैनुद्दीनला म्हणाले.

"परत कसा, सर?" मिसबा म्हणाली. "आम्ही तुमच्याकडून घेतलाच नाही. कंपनीकडून घेतला, हा करार. कंपनीला तो तुम्ही परत केलात."

"तो चुकून गेला. त्याची चौकशी चालू आहे."

"चुकून गेला, हे कळलं कधी तुम्हाला?"

"हार घातला तेव्हा," बापूराव म्हणाले.

साहेबांचे कान तांबडे झाले. "हे बघा, काही हरकत असेल तर रीतसर नोंदवा. तिथे लिहिलंय कुठे नोंदवायची ते." त्यांनी मागे न बघता, खांद्यावरून, पेन भिंतीकडे केलं.

भिंतीवर जुना निळा बोर्ड होता. 'कार्यालयाच्या कामकाजाबाबत तक्रार असल्यास संपर्क साधा.' आणि खाली अठराशे. पुढे तोच आकडा, ओळीनं. सगळीकडचा पुसला होता. खुर्चीच्या मागचा पुसायचा राहिला होता, कारण तिकडे बघायला साहेबांना वळावं लागलं असतं.

मिसबानं पर्समधून फोन काढला आणि लावला.

मैनुद्दीनच्या खिशात वाजलं. त्या दिवशी फोनवर बसणाऱ्या मुलींना सुट्टी होती, सगळे फोन त्याच्याकडे वळवलेले. त्यानं सवयीनं कानाला लावला. "नमस्कार, बोला."

"मला एका साहेबांबद्दल तक्रार करायची आहे," शेजारच्या खुर्चीतून मिसबा म्हणाली.

मैनुद्दीननं तिच्याकडे पाहिलं. फोन बंद करावा असं त्याच्या मनात आलं, कारण तो भांडखोर माणूस नव्हता. पण शेजारून मिसबा, मुलीनं बापाकडे नाही, गिऱ्हाइकानं दुकानदाराकडे बघावं तशी बघत होती.

"साहेब आमच्याकडे येत नाहीत, बाई," तो हळूच म्हणाला. "घरात ढेकूण आहेत का?"

"घरात नाहीत. ऑफिसात आहेत. खुर्चीत."

कारकून फाइल घेऊन बाहेरच पळाला. त्याच्या हसण्याचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत राहिला.

साहेब वळले, त्यांनी बोर्ड वाचला, पुन्हा सरळ झाले. यानंतर ते ओरडले नाहीत, आणि त्याचीच मैनुद्दीनला जास्त भीती वाटली. त्यांनी ड्रॉवरमधून एक टाइप केलेला कागद काढून सरकवला. म्हणजे तो आधीच तयार होता.

"ठीक आहे. नंबर तुमच्या नावावर आहे. तो काढून घेणं आज माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "पण हे हमीपत्र आहे. नागरी तक्रारीचा कुठलाही फोन मी उचलणार नाही, असं लिहून द्यायचं. नंबर ठेवा, धंदा करा. तक्रारीचा एक जरी फोन उचललात, तर तोतयेगिरीचा गुन्हा, आणि औषध फवारायचा परवाना कसा टिकतो ते मी बघतो. करा सही."

मिसबा काही बोलायला गेली. मैनुद्दीननं हातानं थांबवलं. परवाना गेला तर तीन गाड्या, माणसं, फोनवरच्या दोन मुली, मिसबाची सोडलेली नोकरी, सगळंच गेलं. त्यानं पेन घेतलं. आयुष्यभर त्यानं असल्या कागदांवर सह्याच केल्या होत्या. चष्मा लावून त्यानं कागद एकदा वाचला. मग दुसऱ्यांदा. सहीच्या रेघेवर पेन टेकवलं आणि थांबला.

"साहेब, एक अडचण आहे."

"काय?"

"फोन वाजला की त्यात तक्रार आहे का गिऱ्हाईक आहे, ते उचलल्याशिवाय कसं कळणार?"

"ते तुम्ही बघा. अंदाज घ्या."

"कसला अंदाज? वाजतो सारखाच."

"मग उचलूच नका," साहेब म्हणाले. "आम्ही इतकी वर्षं–" आणि त्यांनी जीभ चावली.

बापूरावांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

तेवढ्यात पुन्हा वाजला. या वेळी मिसबाचा नव्हता. तिचे दोन्ही हात टेबलावर होते. पडद्यावर कुठलासा अनोळखी नंबर होता. मैनुद्दीननं पेन खाली ठेवलं, फोन हमीपत्रावर ठेवला, आणि कागदासकट साहेबांकडे सरकवला. थरथरत तो फोन कागदावर फिरू लागला. साहेबांनी खुर्ची मागे घेतली.

"हा बघा," मैनुद्दीन म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, आणि तो उतरवायचं त्याला आठवलं नाही. "सदाशिव पेठेतल्या खोलीवरचा पोरगा असेल, अंगभर चावे घेऊन बसलेला. नाहीतर कोणाच्या घरात गटाराचं पाणी शिरलेलं असेल. माझं गिऱ्हाईक असेल तर मी उचलतो. तुमची तक्रार असेल तर तुम्ही उचला, मी हात लावणार नाही, आत्ता या कागदावर सही करतो. पण माझ्यासारखं उचलून बघायचं नाही, साहेब. न उचलता सांगायचं. वाजायचा थांबायच्या आत सांगा, कोणाचा आहे हा? तुमचा का माझा?"